ओइवाच्या पोटातल्या धातूची नोंद

"तुमच्या पोटात कुठला धातू आहे?" डॉक्टर सारेलाबाईंनी विचारलं.

ओइवा राउतिआइनेनला त्याच्या एकाहत्तर वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर येत नाही, असंही त्याच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं. ताम्पेरे शहराच्या दप्तरखान्यात त्याने चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या चौतीस वर्षांत एकही कागद हरवला नव्हता. हे तो स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नसे. पण घरी पाहुणे आले की पहिली कॉफी संपायच्या आत दुसऱ्या कोणाकडून तरी ते वदवून घ्यायची हातोटी त्याला साधलेली होती.

"धातू म्हणजे ती नळी ना?" त्याने वेळ काढायला विचारलं.

ती नळीच. बारा वर्षांपूर्वी त्याच्या पोटातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो फुटू नये म्हणून आतून एक कापडी नळी बसवली होती, धातूच्या जाळीने ताणून धरलेली, वर एक तोंड आणि खाली दोन पाय, एखाद्या पायजम्यासारखी. बारा वर्षं तो पायजमा निमूटपणे आपलं काम करत होता. पण गेल्या आठवड्याच्या सोनोग्राफीत फुगा सहा मिलिमीटरने मोठा दिसला. कुठून तरी रक्त झिरपत असणार.

"कुठून ते बघायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सीटी स्कॅनचं औषध तुमच्या मूत्रपिंडांना आता झेपायचं नाही. म्हणून एमआरआय करू. पण ते यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक. आत कुठली नळी आहे ते कळल्याशिवाय तिथली माणसं तुम्हाला दारातून आत घेणार नाहीत."

"नाहीतर मी चिकटेन?"

"चिकटणार नाही हो. बहुतेक सगळ्या नळ्या चालतात. पण 'बहुतेक'वर ती माणसं चालत नाहीत. शिवाय पोलादाची असली, तर फोटोत नेमका तिथेच काळा डाग येतो, म्हणजे मला जिथे बघायचंय तिथेच काही दिसायचं नाही. मग मला वेगळा विचार करावा लागेल. ऑपरेशन झालं तेव्हा एक कार्ड दिलं असेल तुम्हाला."

ओइवा हसला. दप्तरखात्याच्या माणसाला कोणी कागद आहे का विचारलं की तो हसतो तसं.

"दिलं असेल तर आहे," तो म्हणाला.

एमआरआयची तारीख तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची मिळाली. ती चुकली तर पुढची थेट ऑक्टोबरात. "आणि त्या फुग्याला ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणून सांगायचं मला जमणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तसाच साधा होता, म्हणून ते वाक्य ओइवाला जरा जास्तच ऐकू आलं.

ओइवाच्या घरात दिवाणखान्याची एक अख्खी भिंत निळ्या फायलींची आहे. पाहुण्यांना वाटतं ज्ञानकोश असावा. 'आरोग्य – ओइवा – पोट' ही फाईल त्याने पहिल्याच झटक्यात काढली. आत सगळं होतं. ऑपरेशनच्या दिवशीची गाडी उभी केल्याची पावती होती. वॉर्डातल्या जेवणाचं वेळापत्रक होतं, त्यावर तिसऱ्या दिवशीच्या माशाच्या सुपाबद्दल ओइवाच्या बारीक अक्षरातला प्रतिकूल शेरा होता. पहिल्या पानावर आतल्या कागदांची यादी होती, आणि यादीत सातव्या ओळीला स्वच्छ लिहिलं होतं: 'नळीचे कार्ड, एक नग.'

कार्ड मात्र नव्हतं.

कागद नाही आणि नोंदही नाही, हे एकवेळ चालतं. जगात असे कितीतरी कागद नाहीत. पण नोंद आहे आणि कागद नाही, याला दप्तरखान्याच्या भाषेत काय म्हणतात ते ओइवा कधी घरात बोलला नव्हता. आज बोलला.

"काय झालं?" केर्तू, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. केर्तूने उभी हयात पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. माणसं कागद हरवतात या गोष्टीचं तिला नवल राहिलेलं नव्हतं.

"काही नाही."

"कार्ड सापडत नाही ना?"

"ते स्थलांतरित झालेलं आहे."

"तू कधी बाहेर काढलं होतंस का?"

 आणि ओइवाला आठवलं. चार वर्षांपूर्वी मादेईराला जाताना, विमानतळावरच्या तपासणीत पोट वाजलं तर दाखवायला म्हणून, त्याने ते कार्ड फायलीतून काढून करड्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. पोट वाजलंच नाही. कोट पुढच्या वसंतात केर्तूने जुन्या कपड्यांच्या बाजारात देऊन टाकला. तेही सोसण्यासारखं होतं. न सोसण्यासारखी गोष्ट निराळीच होती: कार्ड काढताना त्याच्या जागी त्याने चिठ्ठी ठेवली नव्हती. 'कागद बाहेर काढला की त्या जागी चिठ्ठी' हा नियम त्याने दप्तरखान्यात इतक्या माणसांच्या डोक्यात घातला होता, की काहीजण घरी फ्रिजमधून दूध काढलं तरी चिठ्ठी ठेवत. हे गुपित त्याने केर्तूलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाला फोन. फोनवरच्या यंत्राने सांगितलं, तुमचा नंबर लागला की आम्हीच फोन करू. ओइवा कॉलर ताठ करून फोनसमोर बसला. संध्याकाळी चारला, तो नेमका संडासात असताना, फोन वाजला. केर्तूने दाराखालून आत सरकवला.

"तुमच्या कागदात लिहिलंय," पलीकडची बाई म्हणाली, "'पोटातील महाधमनीत नळी बसवली. अडचण नाही.'"

"आणि धातू?"

"धातूचा रकाना नव्या संगणकात आला. तुमचं ऑपरेशन जुन्या संगणकात झालंय."

"मग जुन्या संगणकात बघा."

"तो नव्यात आणला ना. आणताना जे रकाने नव्यात होते तेवढेच आले."

"पण धातूचा रकाना नव्यात आहे म्हणालात!"

"हो, पण जुन्यात नव्हता."

ओइवाने फोन बंद केला. त्या बाईच्या बोलण्यात एकही चूक नव्हती, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

शुक्रवारी सोसायटीचा सौना, म्हणजे सगळ्यांची मिळून वाफेची न्हाणी. पाच ते सहा पुरुषांची पाळी, सहा ते सात बायकांची. सौनात ओइवाने हा विषय काढायला नको होता, पण ऐंशी अंश उष्णतेत वरच्या फळीवर उघडाबंब बसलेला माणूस गुपितं किती धरून ठेवणार?

"अरे, नावातच लोखंड आहे तुझ्या," ताइस्तो म्हणाला. त्यांच्या भाषेत राउता म्हणजे लोखंड, आणि हा विनोद ताइस्तो गेली एकोणीस वर्षं करत आलाय. ताइस्तो खालच्या मजल्यावर राहतो. यंत्रांच्या कारखान्यात फोरमन होता. निवृत्त झाल्यापासून तो दोरीला जाडजूड चुंबक बांधून तळ्यात गळासारखा सोडतो आणि तळाशी पडलेल्या सायकली बाहेर काढतो. "पोलादच असणार. बारा वर्षं टिकलंय म्हणजे दुसरं काय असणार?"

"टायटॅनियम असेल," ओइवा म्हणाला. असावं, अशी त्याची फार इच्छा होती. टायटॅनियममध्ये एक प्रतिष्ठा आहे.

"टायटॅनियम तुला कशाला घालतील? ते विमानांना लागतं."

"माझ्या मेहुणीच्या कंबरेत आहे," तिसऱ्या मजल्यावरचा उर्हो म्हणाला. तो एरवी बोलत नाही. बोलला की वाद मिटतो, पण या वेळी पेटला.

"कंबर वेगळी आणि पोट वेगळं!" ताइस्तोने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत सगळे वाकले. वाफ ओसरल्यावर ताइस्तोला कल्पना सुचलेली होती. ताइस्तोला कल्पना नेहमी वाफेनंतरच सुचतात, आणि सोसायटीच्या बैठकीत याबद्दल एकदा ठरावही आला होता.

"माझं चुंबक लावून बघू. ओढलं तर पोलाद, नाही ओढलं तर तुझं टायटॅनियम. इस्पितळाला कशाला विचारायचं?"

एरवी ओइवाने हे ऐकून घेतलं नसतं. पण तीन दिवस तो रकान्यांशी झुंजत होता, आणि स्वच्छ हो-नाहीत उत्तर देणारी कुठलीही वस्तू त्याला तेव्हा पूज्य वाटत होती. ताइस्तो टॉवेल गुंडाळून धावत घरी गेला आणि चुंबक घेऊन आला. तोपर्यंत कपडे बदलायच्या खोलीत ओइवाने पँट घातली होती आणि पट्टाही लावला होता. शहराचा माजी दप्तरदार चुंबकासमोर उघडा उभा राहणार नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

"श्वास धर," ताइस्तो म्हणाला आणि चुंबक बेंबीकडे नेलं.

चुंबक बेंबीपर्यंत पोचलंच नाही. वाटेतच त्याला पट्ट्याचं बक्कल दिसलं. खाट्कन आवाज झाला, ओइवा दीड पाऊल पुढे ओढला गेला, आणि सायकली उचलणारं ते चुंबक त्याच्या पोटाखाली घट्ट बसलं.

"पोलाद!" ताइस्तो विजयाने ओरडला.

"बक्कल आहे ते, गाढवा!"

मग ओढाओढ सुरू झाली. ताइस्तोने दोरी धरली, उर्होने ओइवाला काखेतून धरलं. चुंबक हललं नाही. हलला तो ओइवा. पट्टा काढावा, तर बक्कल चुंबकाखाली. पँट उतरवावी, तर पट्टा आवळलेला. तिघं असे गोल गोल फिरत असताना ओइवाची कंबर भिंतीवरच्या गरम पाण्याच्या नळापाशी गेली. नळ लोखंडी होता. पुन्हा खाट्कन आवाज झाला.

आता ओइवा सोसायटीच्या मालमत्तेशी जोडला गेला होता.

बरोबर सहा वाजले होते. दार उघडलं. बायकांची पाळी आली होती, आणि सगळ्यात पुढे होत्या राइली, सोसायटीच्या अध्यक्षा. त्यांनी नळाकडे तोंड करून, कंबर पुढे काढून उभा असलेला ओइवा बघितला, त्याला मागून मिठी मारलेला उर्हो बघितला, आणि दोरी हातात घेतलेला टॉवेलमधला ताइस्तो बघितला.

"सहा वाजले," राइली म्हणाल्या. दुसरं काहीही नाही. अध्यक्षपदी तेरा वर्षं माणूस उगीच टिकत नाही.

"वैद्यकीय तपासणी चालू आहे," ओइवा नळाला उद्देशून म्हणाला.

शेवटी केर्तू शिवणाची कात्री घेऊन आली. तिने पट्टा मागून कापला आणि नवऱ्याला पँटीसकट मोकळं केलं. बक्कल आणि चुंबक पुढचे नऊ दिवस नळालाच होते. बायका त्यावर टॉवेल वाळत घालत.

सोमवारी ओइवाने एमआरआय विभागाला फोन करून, नाव न घेता, एका ओळखीच्या माणसाचं म्हणून सगळं विचारलं. पलीकडचा तंत्रज्ञ, अह्ती त्याचं नाव, शांतपणे ऐकत होता.

"तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा," तो म्हणाला, "असलं पुन्हा करू नका. घरच्या चुंबकाने काहीच कळत नाही. नळी आत खोल असते, आणि जे ओढलं जात नाही तेही आमच्या यंत्रात तापू शकतं. कुठल्या नळीला किती चालतं ते बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं. मला नाव आणि नंबर हवा. बाकी काही नको."

"नाव आणि नंबर," ओइवा म्हणाला. "अगदी बरोबर." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं.

मग त्याने ऑपरेशन करणारे डॉक्टर सुंदवाल शोधून काढले. ते निवृत्त होऊन समुद्रकाठी मधमाश्या पाळत होते. फोनवर मागून सतत गुणगुण ऐकू येत होती.

"राउतिआइनेन! आठवतोय की. तुम्ही गुंगीत माझ्या नर्सला 'कपाट क्रमांक चार बंद करा' म्हणून ओरडत होता."

"धातू आठवतोय का?"

"त्या वर्षी आम्ही तीन बनावटीच्या नळ्या वापरायचो. एक पोलादाची, दोन नितिनॉलच्या. तुम्हाला कुठली, ते देवाला ठाऊक. पण एक करा. प्रत्येक नळीच्या खोक्यात चिकटपट्ट्या यायच्या, नाव-नंबर छापलेल्या. त्या आम्ही शस्त्रक्रियेच्या वहीत चिकटवायचो. ती वही शोधा. थांबा, एक चावली—" आणि फोन बंद झाला.

वही! ओइवा खुर्चीतून उठला. संगणक, रकाने, चुंबक, हे सगळं परकं होतं. वही मात्र घरची होती.

इस्पितळाचं जुनं दप्तर शहराच्या टोकाला, कापडगिरणीच्या रिकाम्या इमारतीत ठेवलेलं होतं. ओइवा तिथे पोचला तेव्हा एमआरआयला सहा दिवस उरले होते. टेबलामागे चाळिशी उलटलेली एक बाई बसली होती. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. तिने ओइवाच्या अर्जाकडे पाहिलं आणि तो परत सरकवला.

"जन्मतारीख रकान्यात लिहायची. रकान्याच्या वर नाही."

ओइवाने नवा अर्ज भरला.

"तारखेच्या मध्ये टिंबं द्यायची. तिरक्या रेघा नाहीत."

तिसराही परत आला. सही चौकटीबाहेर गेली होती. चौथा भरताना ओइवाच्या मनात राग राहिलाच नव्हता, एक विचित्र आदर दाटून आला होता. हे काम कोणीतरी शिकवलेलं होतं.

"मला ओळखलं नाहीत?" ती म्हणाली. "मार्केत्ता युलिनेन. एका उन्हाळ्यात तुमच्याकडे उमेदवारीला होते. माझी लेबलं तुम्ही चार वेळा परत केली होती. वाकडी होती म्हणून."

"वाकडी होती?"

"पहिल्या तीन वेळा होती. चौथ्यांदा तुम्ही वाकडे उभे होता."

ओइवाने घसा साफ केला. "किती दिवस लागतील?"

"नियमाने आठ आठवडे."

"हा नियम कोणी केला?"

"तुम्ही. शहराच्या दप्तरखान्यासाठी. आम्ही जसाच्या तसा उचलला."

ओइवा खाली बसला. गेल्या दोन आठवड्यांत त्याची अब्रू बऱ्याच ठिकाणी सांडली होती, पण असा मार त्याने आजवर स्वतःच्या हाताने स्वतःला दिलेला नव्हता. मार्केत्ताने एक पातळ पुस्तिका काढली आणि पान उघडून त्याच्यापुढे धरली.

"कलम अकरा. 'जीवितास धोका असल्यास कागद त्याच दिवशी द्यावा.' हेही तुम्हीच लिहिलंय. आता सांगा, कार्ड होतं ना तुमच्याकडे? गेलं कुठे?"

आणि ओइवाने, केर्तूलाही न सांगितलेलं, तिला सांगितलं. विमानतळ, करडा कोट, आतला खिसा.

"आणि जागेवर चिठ्ठी?"

"नाही ठेवली."

मार्केत्ता उठली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. "हे इथून बाहेर जाणार नाही," ती म्हणाली.

वही तासाभरात सापडली. मार्केत्ताची लेबलं आता सरळ होती, म्हणूनच सापडली. त्या वर्षाच्या पानांवर तारीख होती, रुग्णाचा क्रमांक होता, नळीची लांबी-रुंदी हाताने लिहिलेली होती. चिकटपट्टीच्या जागी मात्र प्रत्येक ओळीत फक्त डिंकाचा पिवळा डाग उरला होता. बारा वर्षांत डिंक वाळून गेला होता. पट्ट्या सगळ्या खोक्याच्या तळाशी झडून पडल्या होत्या, शरद ऋतूत झाडाखाली पानं पडावीत तशा.

ओइवाने खोक्यात वाकून पाहिलं.

"किती रुग्ण?" ओइवाने विचारलं.

"सत्तावीस. यातल्या एकाचीही नळी नव्या संगणकात नाही."

प्रत्येकाच्या पायजम्याचे तीन तुकडे, म्हणजे एक्याऐंशी पट्ट्या. ओइवाने कोट काढला, बाह्या वर केल्या, आणि केर्तूने फार वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "पांढरा कागद, चिमटा आणि भिंग आणा."

आता एका बाहेरच्या माणसाने इस्पितळाची वही चाळायची म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती. मार्केत्ताने मुख्य डॉक्टरांची परवानगी काढली, ओइवाकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली (चौकटीच्या आत), आणि नावांची यादी स्वतःच्या खणात कुलूपबंद ठेवली. ओइवाला फक्त क्रमांक दिसायचे. त्याला तेवढे पुरेसे होते. माणसांपेक्षा क्रमांकांशी त्याचं नेहमीच बरं जमलं होतं.

तीन बनावटीच्या पट्ट्या तीन आकारांच्या होत्या: लांबट, चौकोनी आणि गोल कोपऱ्यांची. डिंकाचे डागही तसेच होते. मग हाताने लिहिलेली मापं, मग पट्टीवर छापलेली मापं, मग नळी बनवल्याची तारीख, कारण ऑपरेशनच्या नंतर बनलेली नळी ऑपरेशनात बसवता येत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तीनला ओइवाची स्वतःची ओळ जुळली. गोल कोपऱ्यांचा डाग, तीन पट्ट्या, मापं तंतोतंत. नितिनॉल. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू.

"झालं तुमचं," मार्केत्ता म्हणाली. "घरी जा आता."

ओइवाने पट्टी चिमट्यात धरून उजेडात पाहिली. मग ती जागेवर ठेवली आणि पुढची ओळ वाचली.

"सव्वीस उरलेत," तो म्हणाला.

"ते माझं काम आहे. वेळ मिळेल तसं करीन."

"हे लोकही कुठेतरी फोनजवळ बसलेच असतील की."

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. केर्तूने डबा दिला, राय धान्याची काळी भाकरी आणि चीज, शिवाय मार्केत्तासाठी वेलदोड्याचे गोड पाव. चौथ्या दिवशी दोन ओळी अडल्या. दोघांची मापं सारखी, तारखा लागोपाठच्या, आणि डिंक पसरून दोन्ही डागांचा आकार गेलेला. एक पोलादाची, एक नितिनॉलची, कोणाची कुठली? अंदाजाने लिहिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. ओइवाने दोन तास भिंग सोडलं नाही. शेवटी पट्टीच्या पाठीमागे चिकटलेला वहीचा एक तंतू त्याला दिसला, त्यावर निळ्या शाईचा ठिपका होता. त्या दोन ओळींपैकी एकच निळ्या शाईने लिहिलेली होती.

मार्केत्ताने तो ठिपका भिंगातून पाहिला, चष्मा काढला आणि पुसला.

"तो एक उन्हाळा मी तुमचा फार राग केला," ती म्हणाली.

"लेबलं वाकडीच होती," ओइवा म्हणाला, पण मऊपणे.

सत्ताविसावी ओळ सोमवारी दुपारी जुळली. मंगळवारी सकाळी ओइवा एमआरआय विभागात हजर झाला, कमरेला नवा पट्टा, हातात शिक्का मारलेला, सहीचा, तीन प्रतींतला कागद घेऊन. अह्तीने तो वाचला. मग बनवणाऱ्याच्या सूचना उघडून नंबर ताडून पाहिला. दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात चालेल, एका वेळी किती मिनिटं तेही लिहिलेलं होतं.

"असा कागद मी नोकरीत पाहिला नाही," तो म्हणाला. "तीन प्रती कशाला?"

"एक तुम्हाला, एक मला, आणि एक तुमची हरवेल तेव्हासाठी."

अह्तीने डोळ्यांत कधी लोखंडाचा कीस गेला होता का, कवळी आहे का, गोंदण आहे का, असं सगळं विचारलं. ओइवाने प्रत्येक उत्तर तारखेनिशी दिलं. मग तो त्या पांढऱ्या बोगद्यात सरकला. यंत्र ठकठकायला लागलं, अगदी शिक्के मारायच्या मोठ्या यंत्रासारखं, आणि इतरांना ज्याची भीती वाटते त्या आवाजात ओइवाला घरी आल्यासारखं झालं. "श्वास धरा," कानात आवाज आला. त्याने धरला. अठरा वेळा धरला आणि एकदाही चुकला नाही.

"गायक आहात का?" बाहेर आल्यावर अह्तीने विचारलं.

"दप्तरखात्यात होतो," ओइवा म्हणाला, आणि इस्पितळाने दिलेल्या पायजम्याची नाडी बांधली.

दोन दिवसांनी डॉक्टर सारेलाबाईंनी फोटो दाखवला. नळीची जाळी बारीक रेघेसारखी दिसत होती, आतलं रक्त स्वच्छ उजळ. पाठीच्या बाजूला, कापडाच्या बाहेर, तांदळाएवढा एक पांढरा ठिपका.

"ही तुमची गळती. मागची एक बारीक शिरा उलट्या दिशेने फुग्यात रक्त सोडतेय. पोलाद असतं तर काळ्या डागात हे दिसलंच नसतं. ऑगस्टमध्ये जांघेतून बारीक तार घालून बंद करू. एक रात्र राहावं लागेल."

ओइवा फोटोकडे पाहत होता. "फार सुबक आहे," तो म्हणाला. डॉक्टरबाईंना वाटलं तो नळीबद्दल बोलतोय. त्याचं लक्ष फोटोच्या खालच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे बारीक अक्षरात नळीचं नाव आणि नंबर छापलेला होता, नव्या संगणकातून, धातूच्या रकान्यातून.

सौनात निकाल कळला तेव्हा ताइस्तोने बरंच डोकं चालवलं. "निकेल अर्धं ना? मग अर्धा मी जिंकलो." उर्होने फक्त वाफ वाढवली.

ऑगस्टमध्ये शिरा बंद झाली. सप्टेंबरात फुगा दोन मिलिमीटरने उतरला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मार्केत्ताकडून एक पाकीट आलं. आत दुसरं, बंद पाकीट होतं, आणि तिची ओळ: 'त्या सत्तावीसांपैकी एकांनी हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. नाव देता येत नाही.'

अक्षर थरथरतं, पण रेघेवर होतं. पत्र लिहिणाऱ्या बाईंना दोन वर्षं डोकेदुखी होती, एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. एमआरआय हवा होता, पण पोटातली नळी कुठली ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी दारातून परत पाठवत. जूनमध्ये इस्पितळाने आपण होऊन फोन केला, तुमचा धातू सापडला म्हणून. डोक्यात गाठ निघाली, साधी, कर्करोगाची नव्हे. काढली. 'हे पत्र मी स्वतः लिहितेय आणि लिहिलेलं मला दिसतंय,' शेवटच्या ओळीत होतं. 'कोणी निवृत्त गृहस्थ रोज येऊन बसत होते असं कळलं. ते कोण, हे मला सांगत नाहीत. तुम्हीच असाल तर कळावं, म्हणून लिहिलं.'

ओइवाने पत्र दोनदा वाचलं. मग उभं राहून तिसऱ्यांदा वाचलं.

"कोणाचं आहे रे?" केर्तूने कणीक मळता मळता विचारलं.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि खांदे सरळ केले.

"ऑफिसचं," तो म्हणाला.